शिळा सण

दसरा झाला की अकोटच्या शिवारात कापसाची वेचणी सुरू होते आणि आमच्या वसाहतीत जुन्या कपड्यांची. कपाटे रिकामी होतात, गाठोडी बांधली जातात आणि दिवाळीच्या आधीच्या एखाद्या रविवारी एक टेम्पो पोपटखेडच्या रस्त्याने सातपुड्याकडे निघतो. मेळघाटातल्या कोरकू मुलांच्या घरीही दिवाळी व्हावी, अशी त्यामागची भावना. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. वसाहतीतील मुलांचा संस्कारवर्गही काही वर्षे आम्हीच चालवत होतो. त्यामुळे या उपक्रमाची सूत्रे आमच्याच हाती होती, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

त्या वर्षी आमची मुलगी नऊ वर्षांची होती. गावातील मुलांना ओळीने उभे केले होते. आमच्या मुलांनी एकेकाच्या हातात कपडे द्यायचे, आणि देताना दोघांनीही कॅमेऱ्याकडे पाहायचे, अशी व्यवस्था होती. मुलीच्याच वयाची एक कोरकू मुलगी पुढे आली. तिला मिळालेला फ्रॉक पाहून आमची मुलगी मोठ्याने म्हणाली, "तो माझा फ्रॉक आहे." 'होता' असे ती म्हणाली नाही. समोरच्या मुलीला मराठी कितपत कळत असेल, हा प्रश्नच नव्हता. तिने फ्रॉक घेतलेला हात मागे ओढला, आणि नेमके त्याच क्षणी छायाचित्र निघाले.

परतताना आम्ही मुलीला रागावलो. राग तिच्यावर नव्हता, हे कळायला मात्र पुढची काही वर्षे जावी लागली. ते ज्यांच्यामुळे कळले, त्या बाईंविषयी लिहायचे म्हणूनच हा लेख.

मुंबईला एका उजळणी वर्गात या बाईंची ओळख झाली. त्याही मराठीच्याच प्राध्यापक, निवृत्तीला आलेल्या. आडनावाच्या शेवटी 'कर', बोलण्यात कुलाब्याचा हेल, नऊवारी नेसलेल्या आजीच्या आठवणी. त्या बेने इस्रायली आहेत हे कळेपर्यंत वर्ग संपत आला होता. कोकणच्या किनाऱ्यावर कित्येक शतके तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनवार तेली' आम्हाला पुस्तकांतून ठाऊक होते. त्यांच्यापैकी कोणाशी बोलण्याचा योग मात्र अकोटात आला नव्हता. बाईंनी आम्हाला आश्विनात मुंबईस येण्याचे निमंत्रण दिले. "मुलीलाही आणा. आमच्या मुलांचा कार्यक्रम असतो," एवढेच त्या म्हणाल्या.

ज्यू पंचांगातील तिशरी महिना आपल्या भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास येतो. दोन्ही पंचांगे चंद्राच्या चालीवर असल्याने आपली घटस्थापना आणि त्यांचे नववर्ष पुष्कळदा एकाच सुमारास येतात. त्यांचा मांडवांचा सण पौर्णिमेला सुरू होतो आणि बऱ्याच वर्षी आपल्या कोजागिरीला येऊन भेटतो. या सर्व सणांना बेने इस्रायलींनी मराठी नावे दिली होती. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७मध्ये लिहून पूर्ण केलेल्या आणि १९३७मध्ये तेल अवीव येथे छापल्या गेलेल्या समाजाच्या इतिहासात ती नोंदलेली आहेत. नववर्षाचा तो नव्याचा सण. त्यानंतर खिरीचा सण, नव्या धान्याची नारळाच्या रसातली खीर करण्याचा. तिशरीच्या दशमीला दारफळणीचा सण, म्हणजे दार लावून घेण्याचा. हिब्रू परंपरेतला हा प्रायश्चित्ताचा दिवस बेने इस्रायली लोक पांढरे कपडे घालून, कडक उपवास धरून, घराचे दार बंद करून पाळत. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी दार उघडायचे, आप्तेष्टांना भेटायचे आणि गरिबांना दान द्यायचे.

'शिळा सण' हे नाव ऐकून आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत. "आदल्या दिवशी स्वतःचा हिशेब झालेला असतो," त्या म्हणाल्या, "म्हणून दुसऱ्या दिवशी हात वर ठेवून देता येत नाही."

मुलांचा कार्यक्रम प्रार्थनामंदिराच्या अंगणात होता. हे लोक आपल्या प्रार्थनामंदिराला जुन्या सवयीने 'मशीद' म्हणतात. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६मध्ये मुंबईत उभारलेले पहिले मंदिर आजही 'जुनी मशीद' म्हणून ओळखले जाते. अंगणात झावळ्यांचा मांडव होता. मांडवाचे छप्पर दाट नसावे, रात्री त्यातून तारे दिसावेत, असा नियम. मिसरमधून निघालेले पूर्वज चाळीस वर्षे रानात असल्याच निवाऱ्यांत राहिले, त्याची ही आठवण. मुले कागदाच्या साखळ्या आणि फळे टांगत होती. एकीकडे पत्र्याचे छोटे डबे ओळीने मांडलेले होते, वर नाणे जाईल एवढी फट. दर शुक्रवारी दिवे लावण्यापूर्वी मुलांनी त्यात काहीतरी टाकायचे आणि सणाच्या दिवसांत डबे आणून वडीलधाऱ्यांच्या हवाली करायचे.

आमच्या मुलीने एका मुलाला विचारले, "हे पैसे कोणाला देणार?"

"ठाऊक नाही," तो म्हणाला. "ठाऊक करून घ्यायचं नसतं."

या उत्तराची मुळे फार खोल आहेत, हे बाईंनी नंतर समजावले. हिब्रूत दानाला 'त्सेदाका' म्हणतात. हा शब्द न्याय, नीती या अर्थाच्या धातूपासून आला आहे. दया, उपकार हे अर्थ त्यात नाहीत. जेरुसलेमच्या प्राचीन मंदिरात एक गुप्त दालन होते. देणारा तेथे निमूटपणे ठेवून जाई आणि चांगल्या घरातला, पण गरिबीत आलेला माणूस तेथून निमूटपणे घेई. बाराव्या शतकातील धर्मशास्त्रज्ञ मायमोनिडीस याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सर्वांत खालची पायरी नाखुशीने देण्याची. वरून दुसरी, जीत देणाऱ्याला घेणारा ठाऊक नसतो आणि घेणाऱ्याला देणारा. सर्वांत वरची पायरी म्हणजे माणसाला काम, कर्ज किंवा धंद्यात भागी देऊन पुन्हा दान घेण्याची वेळच त्याच्यावर येऊ न देणे. दानावर जगणाऱ्यानेही त्यातले थोडे दान केले पाहिजे, असेही तो सांगतो. देण्याचा मान त्याच्याकडूनही काढून घ्यायचा नाही.

आमचा टेम्पो या आठांपैकी कोणत्या पायरीवर उभा होता, ते आम्ही मनातल्या मनात मोजले.

पिकाविषयीचा त्यांचा नियम ऐकताना तर आम्ही वऱ्हाडातच येऊन पोचलो. शेताचा कोपरा कापायचा नाही आणि सांडलेली कणसे मागे फिरून वेचायची नाहीत; ती गरिबांची आणि परक्यांची. आपल्याकडे याला सरवा म्हणतात. ज्वारीच्या कापणीनंतर शेतात राहिलेला सरवा वेचणाऱ्या बायका आम्ही लहानपणी पाहिल्या आहेत. त्यांना कोणी ओळीत उभे करत नसे. जुने ते सगळे चांगले, असे मात्र आम्हाला म्हणायचे नाही. खळ्यावरचे बलुतेही हक्काचेच म्हणवले जाई. त्या हक्कात जातीचा केवढा अपमान भरला होता, हे दया पवारांच्या 'बलुतं'ने १९७८मध्ये साऱ्या मराठी वाचकांना सांगितले. नुसते हक्क म्हटल्याने मान मिळत नाही. अकोटहून फार दूर नसलेल्या शेंडगावात १८७६मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी ही गोष्ट आपल्या जगण्यातून दाखवली. गाव झाडल्याशिवाय ते भाकर घेत नसत, आणि लोकांकडून आलेल्या पैशांतून त्यांनी धर्मशाळा बांधल्या. आमच्या संस्कारवर्गात त्यांची तसबीर होती. तिला हार घालूनच आम्ही टेम्पोत बसलो होतो.

बेने इस्रायलींनी १८७५मध्ये मुंबईत आपल्या मुलांसाठी शाळा काढली. केहिमकर तिच्या संस्थापकांपैकी एक. १९२२पासून १९५०पर्यंत रेबेका रूबेन तिच्या मुख्याध्यापिका होत्या. पुढे समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. भारतात आता काही हजार माणसे उरली आहेत. शाळेचे वर्ग इतर धर्मांच्या मुलांनी भरले. आपल्यासाठी बांधलेले दुसऱ्यांच्या उपयोगी पडले, आणि त्याचा कोणी गाजावाजा केला नाही. मांडवातल्या त्या वीस-पंचवीस मुलांकडे पाहताना आम्हाला वाटले, समाज इतका लहान असताना मुलांना आधी स्वतःची काळजी घ्यायला शिकवणे साहजिक ठरले असते. ती शिकत होती डबा भरायला.

अकोटला परतल्यावर आम्ही टेम्पो बंद केला. वसाहतीत डबे ठेवले. जमलेली रक्कम महाविद्यालयाच्या कार्यालयातील एका विश्वासू कारकुनाकडे जाते आणि परीक्षेचे शुल्क भरता न येणाऱ्या कोणातरी विद्यार्थ्याच्या नावे भरली जाते. कोणाच्या, ते आम्ही विचारत नाही. वसाहतीत नाराजी झाली. "फोटो नाही, वाटप नाही, मग मुलांना गोडी कशी लागणार?" असे एका पालकांनी विचारले. अर्धी कुटुंबे बाजूला झाली. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे आहे, असे आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही. घेणाऱ्याचा चेहरा न पाहिलेल्या मुलांना गरिबीही दिसेनाशी होईल, ही भीती आम्हालाही आहे.

आणखी एक गोष्ट उरली आहे. निघताना आम्ही बाईंना फ्रॉकची हकीकत सांगितली होती. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अहो, दारफळणीला देवाचे अपराध देव माफ करतो. माणसाचा अपराध केला असेल, तर त्या माणसाकडेच जावं लागतं. तिथे उपवासाचा उपयोग नाही."

आम्ही अजून गेलेलो नाही. जाऊन काय म्हणावे, कोणत्या भाषेत म्हणावे, आणि आमचे जाणे त्या मुलीला, जी आता तरुण असेल, पुन्हा एकदा ओळीत उभे तर करणार नाही ना, या प्रश्नांशी पाय अडतात. काही अंशी ही सबबही असेल. त्या दिवसाचे छायाचित्र मात्र आम्ही जपून ठेवले आहे. एरवी ते कोणाला दाखवत नाही. दसऱ्यानंतरच्या एखाद्या संध्याकाळी पुढचे दार लावून घेतो आणि आम्ही तिघे ते पाहतो. डबे त्यानंतर उघडतो.