मधला मुक्काम

कोलकाता विमानतळावरच्या फलकावर आमच्या विमानासमोर आधी ‘उशीर’ आणि मग ‘रद्द’ असं झळकलं, तेव्हा आम्ही दोघी तिसरा चहा पीत होतो. तारीख ५ डिसेंबर २०२५, शुक्रवार. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले होते, त्यासाठी पुरेशी माणसं नव्हती आणि देशभर एकाच दिवसात शेकडो उड्डाणं रद्द होत होती. मुंबईची जी थोडी तिकिटं उरली होती त्यांचे भाव बघून हसूच आलं. मंगळवारी माझी तोंडी परीक्षा. सोबतची मैत्रीण रडकुंडीला आलेली.

बाबांना फोन लावला. ते सौंसरहून शांतपणे म्हणाले, “मुंबई-मुंबई काय करून राहिली? नागपूरपर्यंत ये न. पुढचं पाहू.”

हे मला सुचायला हवं होतं. हावडा-मुंबई रेल्वेमार्ग नागपूरवरूनच जातो. मुंबईपर्यंतच्या गाड्यांना लांबलचक वेटिंग होतं, पण शनिवारच्या गाडीत तत्कालमध्ये नागपूरपर्यंत दोन बर्थ मिळाले. सगळे जण थेट घरचं तिकीट शोधत असतात. प्रवासाचे दोन तुकडे केले की वाट निघते. (मात्र तुकडे वेगवेगळ्या तिकिटांवर असतील तर मधे भरपूर वेळ ठेवा. पहिली गाडी उशिरा पोचली म्हणून दुसरी थांबत नाही.) विमानाचे पैसे परत मागून आम्ही निघालो.

रविवारी नागपूर स्टेशनवर उतरलो तेव्हा चैत्यभूमीहून परतणाऱ्या लोकांची गर्दी होती. इतकी गर्दी, तरी कोणी कोणावर खेकसत नव्हतं. कोलकात्याच्या विमानतळानंतर ते फार बरं वाटलं. तिथून सावनेरमार्गे बसने सौंसर, साधारण पासष्ट किलोमीटर. रस्त्यात संत्र्यांचे ट्रक. राज्याची हद्द ओलांडली तशा पाट्या हिंदी झाल्या, बसमधली भांडणं मात्र मराठीतच चालू राहिली. मैत्रीण चक्रावली. तिला सांगितलं, १९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली, नागपूर तिकडे गेलं आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ मध्ये आमचा जिल्हाही बदलला, छिंदवाड्याचा पांढुर्णा झाला. भाषेने यातलं काहीच मनावर घेतलं नाही.

आता खरी गोष्ट. दिवाळीत मी घरी गेले नव्हते. “तिकीटच नाही मिळालं,” असं आजीला फोनवर सांगितलं होतं. तिकीट होतं. मला मैत्रिणींबरोबर अलिबागला जायचं होतं.

आजी दारातच बसली होती. वय चौऱ्याऐंशी. माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, “दिवाळीले गाडी नव्हती भेटत, अन् विमान बंद पडलं त भेटली काय वं?”

मैत्रिणीला वाटलं आजी गंमत करतेय. ती हसली. मी बॅगा उचलून आत गेले.

रात्री जेवताना मैत्रीण म्हणाली, “आजी, नागपूर मधे होतं म्हणून वाचलो आम्ही.” आजीला विषयच मिळाला. आजोबा तेव्हा नागपूरला टपालखात्यात होते. १९४९ मध्ये रात्रीची विमानडाक सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास, चारही शहरांतून रात्री विमानं निघायची आणि मध्यरात्रीनंतर सोनेगावच्या धावपट्टीवर एकत्र यायची. थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि प्रत्येक विमान आपापल्या शहराकडे परत फिरायचं. थोडे प्रवासीही असत. कलकत्त्याचा माणूस इथे उतरून मुंबईच्या विमानात बसायचा. म्हणजे आम्ही जी युक्ती शोधल्याचा तोरा मिरवत होतो, ती या शहराची रोजची नोकरी होती.

“तुझे आजोबा पहाटे घरी येत,” आजी म्हणाली. “म्हणत, आज साऱ्या देशाची चिठ्ठी माह्या हातून गेली. मी म्हणो, मंग माह्या मायची काऊन नाही आली?”

सगळे हसले. मला घास गिळवेना. भांडी घासताना मी तिला सांगून टाकलं, दिवाळीत तिकीट होतं म्हणून.

“मालूम होतं,” ती म्हणाली. “तुह्या मैत्रिणीनं फोटो दाखवले न दुपारी. समुद्राचे.” मग थोड्या वेळाने, “घोडागाडीत बसली होती तू. चांगली दिसत होती.”

दुसऱ्या दिवशी विदर्भ एक्सप्रेससाठी दुपारीच निघावं लागलं. बाबा दुचाकीवर बॅगा घेऊन पुढे गेले. आजीने पिशवीत संत्री भरली, वर जुन्या लुगड्याचा तुकडा बांधला आणि मैत्रिणीला विचारलं, “आता कधी बंद पडते वं विमान?”