पोटमाळा

लालबागच्या आमच्या चाळीत दिवसाढवळ्या दार लावून घ्यायची पद्धत नव्हती. कुणाचं दार लागलेलं दिसलं की दोन मिनिटांत कुणीतरी कडी वाजवायचं, "काय गं, बरं नाही का?" दहा बाय बाराची खोली, आठ माणसं, बाहेर सामाईक गॅलरी आणि गॅलरीच्या टोकाला नळ. अशा घरात एकटं बसायला एकच जागा होती, ती म्हणजे पोटमाळा.

माळ्यावर ताठ उभं राहता येत नसे. लाकडी शिडीनं चढायचं आणि वाकून सरकत पुढं जायचं. एका अंगाला गाद्यांच्या वळकट्या, दुसरीकडे गावाहून आलेल्या तांदळाचं पिंप, जुन्या लुगड्यात गुंडाळलेल्या गणपतीच्या समया आणि आईची पत्र्याची ट्रंक. ट्रंक आणि भिंत यांच्यामध्ये माझ्यापुरती जागा उरायची. फळ्यांच्या फटीतून खालच्यांच्या डोक्यांवरचे भांग दिसायचे. खालचं बोलणं वर येईपर्यंत थोडं विरलेलं असायचं. मला माणसं हवी असायची, पण तेवढ्या अंतरावरून.

मला सगळंच जरा जास्त लागायचं. एप्रिल-मेमध्ये मिरची कांडपाचे दिवस आले की अख्ख्या गल्लीला ठसका लागायचा, पण माझं डोकं संध्याकाळपर्यंत ठणकत राही. पहाटेचा गिरणीचा भोंगा वाजण्याआधीच मी जागी होऊन त्याची वाट बघत पडलेली असे. शेजारच्या घरात एखाद्या पोराला मार बसला, तर घास माझ्या घशात अडकायचा. घुमी, माणूसघाणी, रडूबाई, सगळी नावं ठेवून झाली. मुलगी म्हटल्यावर त्यात आणखी एक काळजी होती. "हिचं सासरी कसं व्हायचं?" हा प्रश्न आत्या दर दिवाळीला विचारायची.

आईनं मला कधी समजावलं नाही की बोलतं करायचा प्रयत्न केला नाही. कुणी आलं आणि माझी चौकशी केली की ती वर बघायचीसुद्धा नाही. "अभ्यास करतेय," एवढंच म्हणायची. त्या एका शब्दाला चाळीत मान होता. अभ्यास करणाऱ्या पोरीला कुणी खाली बोलवत नसे. पुस्तक बरेचदा उघडलेलंही नसायचं, हे आईला ठाऊक होतं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत बाबाही होते. भोंगा थांबला. ज्या आवाजानं मी दचकायची तो गेला, तर मला बरं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. त्याच्या जागी जी शांतता आली, तशी मी पुन्हा कधी ऐकली नाही. भर दुपारी सगळ्या खोल्यांमध्ये पुरुष बसून होते, आणि कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

त्या काळात मला बाबांच्या पायांवरून सगळं कळायला लागलं. आमचा जिना लाकडी होता. कुठून उसने पैसे मिळाले असतील तर त्यांची पावलं दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबत नसत. नकार घेऊन आले असतील तर वळणावर थांबत, घसा खाकरत, आणि मग वर येत. तो खाकरण्याचा आवाज आला की मी माळ्यावरून उतरून चहाचं आधण ठेवायची आणि धाकट्याला घेऊन गॅलरीत जायची. बाबांना घरात शिरताना कुणाच्या तोंडाकडे बघावं लागू नये, एवढाच हेतू. बारा वर्षांच्या मुलीला हे कुणी शिकवलं नव्हतं. ज्याला माझा हळवेपणा म्हणत, त्याच्याच जोरावर मला ते ऐकू येत होतं. आज मला वाटतं, त्या घरात त्या वर्षी त्याची गरज होती.

कॉलेजात असताना दादर पूर्वेला नायगावच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात बसायला लागले. १८९८ साली स्थापन झालेली ही संस्था. तिथे टेबलापाशी गप्प बसलेल्याला "काय झालं?" असं कुणी विचारत नाही. पन्नास माणसं एकमेकांशेजारी बसून एकमेकांना मोकळं सोडतात, हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं.

पुढं गिरगावात एका छापखान्यात मुद्रितं तपासायची नोकरी लागली. शाई न वाळलेल्या गॅली टेबलावर यायच्या, लांबच लांब, बोटांना काळं लावणाऱ्या. 'दीन'चा 'दिन' झालेला असला किंवा एखाद्या अनुस्वाराचा ठिपका उडालेला असला, तर मला आधी काहीतरी खटकायचं आणि काय खटकलं ते मागाहून सापडायचं. जे लहानपणापासून नको नको म्हटलं गेलं, त्याचाच आता पगार मिळत होता. डबा मी सगळ्यांबरोबर खायची. जेवण झालं की खोताच्या वाडीतल्या लाकडी जिन्यांच्या घरांमधून एक फेरी मारून यायची. त्यासाठीही सबब असायचीच: अन्न जिरवायला.

जवळच खटाववाडीत मौज प्रकाशनाचं बिऱ्हाड. जी. ए. कुलकर्णींची निवडक पत्रं मौजेनं काढली, तेव्हा ती मी अधाशासारखी वाचली. धारवाडला इंग्रजी शिकवणारा, सभासमारंभांपासून लांब राहणारा हा माणूस पत्रात केवढा भरभरून बोलतो! सुनीताबाई देशपांड्यांना लिहिलेली पत्रं वाचून तर जीएंना कुणी माणूसघाणा म्हणूच नये. त्यांनाही माणसं हवी होती. मध्ये टपालाएवढं अंतर हवं होतं, इतकंच.

चाळिशीच्या सुमारास मानसशास्त्रातलं थोडं वाचलं. अंतर्मुख आणि बहिर्मुख ही विभागणी कार्ल युंगनं १९२१ च्या ग्रंथात मांडली. एलेन अॅरन या अमेरिकन बाईंनी १९९६ साली अतिसंवेदनशील माणसांवर पुस्तक लिहिलं. शंभरातली पंधरा-वीस माणसं अशी असतात, हा आजार नव्हे, मज्जासंस्थेची ठेवण आहे, असं त्या सांगतात. पण मी थांबले ते दुसऱ्याच एका वाक्यापाशी. अशा माणसांपैकी साधारण तीस टक्के बहिर्मुख असतात, असं त्यांचं म्हणणं आहे.

मला माझा धाकटा भाऊ आठवला. मंडळाचा कार्यकर्ता, गणपतीत दहा दिवस घरी न टेकणारा, शंभर माणसांत रमणारा. विसर्जनाच्या पहाटे गिरगाव चौपाटीवरून परत आला की तो कुणाशी न बोलता भिंतीकडे तोंड करून पडायचा. आम्ही समजायचो, दमला. तो रडत असायचा. मला गर्दी सोसत नाही म्हणून सगळ्यांना माझं हळवेपण दिसलं. त्याला गर्दी आवडते, म्हणून त्याचं कुणाला दिसलंच नाही, मलासुद्धा. त्याला त्याबद्दल विचारलं तर म्हणाला, "ताई, तुला निदान माळा होता."

हे मला फार लागलं. पोटमाळ्यानं मला वाचवलं खरं, पण आईच्या एका शब्दाच्या आडोशानं. भावाला तो शब्दही मिळाला नाही. मुलगी असून एकटी बसते म्हणून, मुलगा असून रडतो म्हणून, आपल्याकडे दोघांनाही कारण द्यावं लागतं. डोकं दुखतंय, अभ्यास आहे, डोळ्यांत धूळ गेली. मी सबबी देणं सोडलं. "मला आता थोडा वेळ एकटीला बसायचंय," असं घरात म्हणायला लागले. पहिल्यांदा नवऱ्याचा चेहरा उतरला. आता तो मुकाट्यानं रेडिओ बारीक करतो.

चाळ पडली, टॉवर उभा राहिला. भावाच्या घरात आता दार लागणारी बेडरूम आहे. गेल्या गणपतीत घर पाहुण्यांनी भरलं होतं, खालून ढोल-ताशांचा आवाज तेराव्या मजल्यापर्यंत येत होता आणि भाची आत दार लावून बसली होती. आत्या आता ऐंशीच्या पुढं गेली आहे. तिनं विचारलंच, "पोरगी कुठाय? अभ्यास करतेय वाटतं?"

भावानं माझ्याकडे पाहिलं. मग तोच म्हणाला, "नाही गं आत्या, एकटी बसलीय. तिला बरं वाटतं तसं. येईल मग."

आत्या थोडा वेळ बंद दाराकडे बघत राहिली. मग वहिनीला म्हणाली, "तिचे दोन मोदक झाकून ठेव बाई, ही पोरं सगळं संपवतील."