ताई, करंगळीला मुंग्या येतात का?

प्रिय ताई,

रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते आणि हात झटकला की बरं वाटतं, हे तू फोनवर सांगितलंस. शेजारच्या काकूंनी 'मानेची नस दबली' म्हणून निकालही दिला. पण करंगळी ठीक आहे म्हणालीस, तेव्हा माझा संशय मानेवरून मनगटावर आला.

तळहाताची बोटं दोन नसांनी वाटून घेतली आहेत. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू मीडियन नसेची. करंगळी आणि उरलेली अर्धी अनामिका अल्नर नसेची. मीडियन नस मनगटात हाडं आणि एक जाड पट्टा यांच्यामधल्या अरुंद जागेतून जाते, बोटं वाकवणाऱ्या 9 कंडरांबरोबर. तिथे सूज आली की नस चेपते. झोपेत मनगट मुडपलं जातं, म्हणून त्रास रात्री जास्त. हाच कार्पल टनेल सिंड्रोम. शिलाई मशीनवर दिवसभर मनगट वाकवून बसणं त्यात भर घालतं. मधुमेह आणि थायरॉईडचा आजारही त्यामागे असू शकतो, म्हणून दोन्ही तपासून घे.

दोन्ही पंजे पालथे एकमेकांना टेकवून, मनगटं वाकवून मिनिटभर थांब. मुंग्या वाढल्या तर डॉक्टरांना तसं सांग. ते नसेच्या वहनाची तपासणी करायला सांगतील. तिला एनसीव्ही म्हणतात. विजेचे हलके झटके बसतात, पण नस नेमकी कुठे आणि किती दबली आहे ते त्यातून कळतं.

आजार सुरुवातीचा असेल तर रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून पुष्कळांना आराम पडतो. नाही पडला तर स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. शस्त्रक्रियेला घाबरू नकोस: जागा बधिर करून तो जाड पट्टा कापतात आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी सोडतात. मला भीती आहे ती उशिराची. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो, तो दोन्ही हातांचा शेजारी शेजारी धरून बघ. एक बाजू चपटी दिसली तर स्नायू झिजू लागला आहे. तो पुष्कळदा पूर्ववत होत नाही. मग सुई धरणं, बटण लावणं अवघड होऊन बसतं.

भावजींचं दुखणं मात्र वेगळं वाटतं. त्यांची करंगळी बधिर आहे, म्हणजे कोपराच्या आतल्या बाजूची अल्नर नस बघायला हवी. ती कोपर टेकवून बसण्यानंही दबते. पण आपल्याकडे कुष्ठरोगातही हीच नस जाड होते, म्हणून अंगावर फिकट, बधिर चट्टा आहे का ते डॉक्टरांना आवर्जून बघायला सांग. असला तरी लपवायचं काही नाही; बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो आणि वेळेत घेतला तर बोटं वाकडी होणं टळू शकतं.

नुसत्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांनी दबलेली नस मोकळी होत नाही. मालिशवाल्याकडे नस 'बसवून' घेऊ नकोस. लग्नसराईच्या ब्लाउजांची गर्दी संपेपर्यंतही थांबू नकोस. याच आठवड्यात दोघं दाखवून या.

तुझा,
धाकटा