तारखेने की तिथीने?

माझा जन्म २१ ऑक्टोबर २००६ चा. शनिवार होता आणि लक्ष्मीपूजन होतं. बुऱ्हाणपुरात राजपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत फटाके सुरू झाले आणि तिकडे दवाखान्यात मी सुरू झाले, असं आजी सांगायची. "लक्ष्मी आली" म्हणून सगळ्यांनी पेढे खाल्ले. पण या लक्ष्मीचा वाढदिवस नेमका कधी करायचा, हा प्रश्न त्या दिवशी जो निघाला, तो या दिवाळीपर्यंत आमच्या घरात सुटला नव्हता.

ज्यांचे वाढदिवस जुलैतल्या एखाद्या साध्यासुध्या बुधवारी येतात त्यांना हे दुःख कळणार नाही. होस्टेलमधल्या माझ्या रूममेटला कळतं. ती वसईची आणि तिचा जन्म २५ डिसेंबरचा. तिचं म्हणणं, लहानपणी सगळ्या भावंडांना वर्षाला दोन नवे कपडे, तिला मात्र एकच. नाताळचा तोच वाढदिवसाचा. केकही तोच, पाहुणेही तेच, आणि अर्धे पाहुणे रात्रीच्या मिस्साचं जागरण करून आलेले, त्यामुळे पेंगणारे. मी तिला म्हटलं, "बाई, तुझा वाढदिवस निदान एका जागी तरी उभा राहतो. माझा पळतो."

पळतो म्हणजे असं. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, इंग्रजी वर्षापेक्षा अकरा दिवसांनी तोकडं. म्हणून दिवाळी दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते आणि मध्येच अधिक महिना आला की एकदम पुढे उडी मारते. २१ ऑक्टोबर जागच्या जागी. त्यामुळे २०१२ ला माझा वाढदिवस नवरात्रात, २०१४ ला धनत्रयोदशीला, २०१५ ला पुन्हा नवरात्रात, २०१७ ला भाऊबीजेला आणि २०२२ ला वसुबारसेला. २०१९ ला कुठलाच सण नव्हता, तर त्या दिवशी महाराष्ट्र विधानसभेचं मतदान निघालं! आम्ही मध्य प्रदेशात, आम्हाला काय त्याचं? पण रावेरचे काका शिक्षक. ते निवडणूक ड्युटीवर, म्हणून काकू नाही, म्हणून चुलत भावंडं नाहीत.

शेजारच्या मैत्रिणीची गोष्ट तर आणखी मजेची. ती माझ्यापेक्षा चार दिवसांनी लहान, ईदच्या दिवशी जन्मलेली. त्या वर्षी दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आल्या होत्या. तिची आई रोजे धरून, नवव्या महिन्याचं पोट घेऊन, माझं बाळंतपण बघायला येऊन गेली होती. हिजरी वर्षात अधिक महिना नसतो, त्यामुळे तिची ईद मागे मागे जात सगळे ऋतू फिरून येते, आणि पुन्हा त्या जागेवर यायला साधारण तेहतीस वर्षं लागतात. पण तिच्या घरी कोणी तिथीबिथी काढत नाही. २५ ऑक्टोबर म्हणजे २५ ऑक्टोबर. खिचडा किंवा शेवया, गल्लीतली पोरं, विषय संपला. मला तिचा फार हेवा वाटायचा.

आमच्याकडे विषय संपत नसे. आई सप्टेंबरातच कॅलेंडर उलटायला लागायची. (बुऱ्हाणपुरात मराठी कॅलेंडर मिळतं, उशीर झाला तर मामा भुसावळहून आणतो. हिंदी कॅलेंडरावर आमच्या आईचा विश्वास नाही.) मग ती निर्णय सांगायची. तो ढोबळमानाने असा असे: २१ तारीख आली की, "तारखेने काय गं करायचं, आपण का इंग्रज आहोत? तू लक्ष्मीपूजनाची. तिथीने करू." आणि लक्ष्मीपूजन आलं की, "आज घरात लक्ष्मी, आज कसला वाढदिवस! आणि तुझी तारीख तर होऊन गेली ना?" तारखेच्या दिवशी तिथी पुढे, तिथीच्या दिवशी तारीख पुढे. नवरात्र असेल तर केकमध्ये अंडं असतं. भाऊबीज असेल तर तो भावाचा दिवस, बहिणीचा नाही. वकील व्हायची ही बाई, लूमवाल्याशी लग्न करून राजपुऱ्यात येऊन बसली.

हे नुसतं आमच्याच घरचं आहे असं मात्र नाही. शिवजयंती सरकार १९ फेब्रुवारीला करतं आणि पुष्कळ लोक फाल्गुन वद्य तृतीयेलाही करतात, हे आपण दरवर्षी बघतो. मोगलांना तर यात भांडणच वाटलं नाही. बादशहाची सोन्या-चांदीने तुला व्हायची ती वर्षातून दोनदा, एकदा सौर वाढदिवसाला, एकदा चांद्र वाढदिवसाला. दोन्ही वाढदिवस, दोन्ही वेळा सोनं! आणि मोरारजी देसाई. विल्सन कॉलेजचे हे विद्यार्थी २९ फेब्रुवारी १८९६ ला जन्मले. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, त्यामुळे त्यांना जन्मतारीख पहिल्यांदा पुन्हा दिसली ती थेट आठव्या वर्षी. मला त्यांच्याविषयी आणखी फार माहिती नाही, पण एवढ्यावर आपुलकी वाटते.

आमच्या गावातला सगळ्यात प्रसिद्ध जन्म म्हणाल तर तो १७ जून १६३१ चा. मुमताज महल बुऱ्हाणपुरात बाळंत झाली, चौदावं मूल, आणि त्यातच गेली. शाळेची सहल तापीपलीकडे जैनाबादला आहुखान्यात गेली होती, जिथे तिला आधी पुरलं होतं. सर ताजमहालाबद्दल सांगत होते. मी विचारलं, "सर, त्या बाळाचं काय झालं?" सर म्हणाले, ती जगली, गौहरआरा बेगम तिचं नाव, चांगली म्हातारी होऊन गेली. परतीच्या वाटेवर मी एकच विचार करत होते, हिचा वाढदिवस कोणी करत असेल का? आणि कोणत्या तोंडाने? घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "बघ, आणि तू रडतेस केकसाठी."

मी रडायचे हे खरं आहे. कारण एकदा पार्टी झाली होती. एकदाच, आठव्या वर्षी, २०१४ ला, धनत्रयोदशीच्या दिवशी. खरं तर आईच्या शास्त्राप्रमाणे तो दिवस अगदीच अयोग्य, संध्याकाळी यमदीपदान, दक्षिणेकडे दिवा लावायचा. पण त्या वर्षी दुपारी ती एकाएकी म्हणाली, "धनतेरस आहे, चांगला दिवस आहे, करून टाकू." गुलाबी फुलांचा केक आला, फुगे आले, दराबा आला. (दराबा बुऱ्हाणपूरबाहेर फारसा कुणाला माहीत नसतो. रवा, साखर आणि हात दुखेपर्यंत फेटलेलं तूप. होस्टेलवर नेला की रात्रीतून डबा रिकामा.) गल्लीतली बारा-पंधरा पोरं आली. पप्पा कारखान्यातून लवकर आले होते आणि त्यांच्या केसांत नेहमीसारखा कापसाचा भुगा होता. फोटोत त्यामुळे ते म्हातारे दिसतात. पुढची तीन-चार वर्षं मी आईशी त्या पार्टीच्या जोरावर भांडले. धनत्रयोदशीला चालतं तर भाऊबीजेला का नाही? नवरात्रात बिनअंड्याचा केक मिळतो, तो का नाही? तिच्याकडे दरवेळी उत्तर असायचं.

यंदा मी १९ ऑक्टोबरला पहाटे लालबागला स्टेशनवर उतरले. घरी फराळ झालेला होता, फक्त स्वयंपाकघरातली वरची फळी राहिली होती. आईचे गुडघे आता स्टुलावर चढू देत नाहीत. मी चढले. पत्र्याचे डबे खाली दिले आणि खाली अंथरलेले कागद काढायला लागले. आमच्याकडे फळीला जुन्या कॅलेंडरची पानं अंथरतात. त्यात ऑक्टोबर २०१४ होता.

आई कॅलेंडरवर सगळं लिहिते. दुधाचे आकडे, गॅस लावल्याची तारीख, किराण्याची उधारी. २१ च्या चौकोनात बारीक अक्षरात लिहिलं होतं, "बोनस आला." त्याच्याखाली, "केक २२०. दराबा अर्धा कि." आणि मग शेजारच्या २२ च्या चौकोनात जागा पुरली नाही म्हणून तिरकं, "किराणा फेडला."

मी स्टुलावरच उभी राहून बाकीची पानं चाळली. सगळी वर्षं नव्हती. २०१५ चा ऑक्टोबर होता, दिवाळी नोव्हेंबरात, बोनसचं नाव नाही, २१ ला फक्त दूध. २०१७ चाही होता. त्या जुलैत जीएसटी लागला होता, त्याच्या आधीच्या नोव्हेंबरात नोटाबंदी, पप्पांच्या कारखान्यात दोन पाळ्यांची एक झाली होती, एवढं मला आठवतं. त्या भाऊबीजेच्या चौकोनात बोनसच्या जागी काहीच नव्हतं. दुधाच्या जागी "नाही" लिहिलं होतं. त्याच्या आधीच्या दिवशीही "नाही", नंतरच्या दोन दिवशीही "नाही". भाऊबीजेला कसला वाढदिवस, असं ती म्हणाली होती, आणि मी दार आपटून शेजारी मैत्रिणीकडे जाऊन जेवले होते.

लूमवर पगार मीटरवर असतो आणि आठवड्याला मिळतो. बोनस दिवाळीला. एवढं गणित मला सहावीत यायला हरकत नव्हती. मी पंचांग शिकत बसले.

"नवीन कागद देऊ का?" आईने खालून विचारलं. तिने माझ्या हातात काय आहे ते बघितलं. "ते राहू दे," ती म्हणाली, "कागद चांगला आहे अजून." मी पानं झटकली आणि होती तशी परत अंथरली.

आता यंदाची गंमत. एकोणीस सौर वर्षं आणि २३५ चांद्रमास यांत जेमतेम दोन तासांचा फरक असतो. म्हणून माणसाच्या एकोणिसाव्या वाढदिवसाला तारीख आणि तिथी पुन्हा भेटतात, फार तर एखाद्या दिवसाने चुकतात. माझं एकोणिसावं म्हणजे २१ ऑक्टोबर २०२५, मंगळवार. आणि तुम्हाला आठवत असेल, याच दिवाळीत लक्ष्मीपूजनावरून केवढा गोंधळ झाला. अमावास्या २० ला दुपारी पावणेचारच्या सुमाराला लागली आणि २१ ला संध्याकाळी सहाच्या आत संपली. महाराष्ट्रात कॅलेंडरांनी २१ सांगितली, सुट्टीही २१ ची. मध्य प्रदेशात दिवाळी २० ला. आम्ही सीमेवरचे, सरकार तिकडचं आणि कॅलेंडर इकडचं. २० ला अख्ख्या गल्लीत दिवे आणि फटाके, फक्त आमच्या आणि अजून दोन मराठी घरांत दाराशी साध्या दोन पणत्या. शेजारच्या काकू दोनदा विचारून गेल्या, "क्या हुआ, दिवाली नहीं मना रहे?"

पण यातून एक गोष्ट झाली, जी माझ्या जन्मापासून कधी झाली नव्हती. दरवर्षी लक्ष्मीपूजनाला संध्याकाळी पप्पा कारखान्यात असतात. शेठजींकडे वहीपूजन, मग लूमची पूजा, मिठाईचे डबे. घरी यायला दहा वाजतात. माझ्या जन्माच्या दिवशीही ते तिथेच होते. शेठजींची पूजा यंदा २० ला झाली. त्यामुळे २१ ला संध्याकाळी पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून घरात नुसते बसले होते. काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. दोनदा जाऊन त्यांनी मोटरसायकल पुसली. तिसऱ्यांदा ती घेऊन गेले आणि मावा जलेबी आणि केक घेऊन आले. आईने सांगितलं होतं की त्यांनी मनाने आणला, ते मी अजून विचारलेलं नाही.

साडेसातला पूजा झाली. शेजारची मैत्रीण आणि तिची आई आल्या. आईने केकवर एक आणि नऊ आकड्यांच्या मेणबत्त्या खोचल्या, पेटवल्या, मला ओवाळलं आणि मी वाकून फुंकर मारणार तोच ओरडली, "थांब! आज दिवा विझवायचा नाही."

लक्ष्मीपूजनाच्या रात्री घरातला दिवा कोणी फुंकत नाही, हे मलाही माहीत होतं. मेणबत्ती दिव्यात धरायची का यावर थोडी चर्चा झाली. आजी असती तर तिने निकाल दिला असता. शेवटी ठरलं, जळू द्यायच्या. मग आम्ही पाच जण केकभोवती बसून राहिलो. बाहेर गल्ली सामसूम, कालच्या फटाक्यांचे कागद उडत होते.

"पुन्हा कधी येणार असं, तारीख नि तिथी एका दिवशी?" पप्पांनी विचारलं.

"अडतिसाव्या वर्षी," मी म्हटलं. "२०४४."

आईने मनात काही हिशोब केला. कसला केला ते बोलली नाही. "मग तोवर आपलं तारखेनेच करू," ती म्हणाली.

नऊचा आकडा आधी वाकला. गुलाबी मेण क्रीमवर पसरत गेलं आणि पप्पा सुरी घेऊन तयारच बसले होते, मेणाचा भाग कापून बाजूला काढायला.