मुकी गाडी

अबोल माणसाविषयी आपल्याकडे मोठा आदर असतो. जो फारसा बोलत नाही तो विचारी असलाच पाहिजे, असे आपण खुशाल धरून चालतो. पण हाच न्याय वाहनाला लावायचा म्हटला की पंचाईत होते. बैलगाडी कुरकुरते, टांग्याचा घोडा टापा वाजवतो, आणि एस. टी. तर पुढच्या गावाला दोन वळणे आधीच वर्दी देते. या आवाजांना आपण गोंगाट म्हणून नावे ठेवली. वास्तविक तो रस्त्यावरचा शिष्टाचार होता. ‘मी येत आहे, जरा बाजूला व्हा,’ एवढेच त्यांचे म्हणणे असे. विजेवर चालणारी गाडी मात्र हा शिष्टाचार घरी विसरून आली आहे. ती आल्याचे कानाच्या आधी कोपराला कळते!

हा विचार माझ्या मनात शिरला तो माथेरानला. सुमारे आठशे मीटर उंचीवरचे हे गाव मोटारींना दस्तुरी नाक्यावरच थांबवते. २००३ साली हा परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर झाला. रुग्णवाहिकेसारखा अपवाद सोडला तर पुढचा तांबड्या मातीचा रस्ता पूर्वी पायांचा, घोड्यांचा आणि हातरिक्षांचा होता. हातरिक्षा म्हणजे एकाने पुढून ओढायचे, इतरांनी मागून रेटायचे आणि आत बसलेल्याने वनश्रीचे कौतुक करायचे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली ई-रिक्षांच्या प्रयोगाला परवानगी दिली. त्या वर्षाच्या डिसेंबरात त्या धावू लागल्या. पुढे ६ ऑगस्ट २०२५ रोजी त्याच न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढू नये, हे ठरवायला स्वातंत्र्यानंतर अठ्ठ्याहत्तर वर्षे लागली!

मी ज्या ई-रिक्षात बसलो तिचे चालक पन्नाशीचे होते. पूर्वी त्यांनी वीस वर्षे हातरिक्षा ओढली होती. मी त्यांना मामा म्हटले आणि मी शाळामास्तर आहे हे कळताच त्यांनी मला गुरुजी म्हणायला आरंभ केला. निघण्यापूर्वीच एक छोटे नाटक घडले. आई, वडील, आजी आणि दोन मुले असे एक कुटुंब सामानासह आत शिरू लागले. मामा म्हणाले, “चारच माणसं बसतील.”

“अहो, लहान आहे ते. मांडीवर घेऊ की!”

“पोर मांडीवर बसेल साहेब, पण त्याचं वजन कुठं बसवू?”

चालक सोडून चार प्रवासी आणि सर्वांचे मिळून चाळीस किलो सामान, असा ई-रिक्षाचा नियम आहे. मामांनी तो चिडचिड न करता दोनदा सांगितला. कुटुंब रागावून उतरले, भाडे गेले. मामांनी वाटेला लागताना एवढेच म्हटले, “तीन चाकांची गाडी आहे गुरुजी. वळणावर ती कुणाचं पोर बघत नाही.”

मग त्यांच्याकडून मला गाडीचा सारा स्वभाव कळला. कायद्याने तिला ताशी पंचवीस किलोमीटरपर्यंत मुभा आहे, पण उतारावर मामा तिला पायी चालणाऱ्याच्या चालीवर आणत. वेग वळणात शिरण्याआधी कमी करायचा, वळणात शिरल्यावर नव्हे. पुढे-मागेचे बटण चाके पुरती थांबल्याशिवाय फिरवायचे नाही. सगळ्यांत फसवे तिचे उभे राहणे. इंजिन धडधडत नसल्यामुळे ती बंद आहे की जागी आहे हे बघणाऱ्याला उमगत नाही, आणि एखाद्या पोराने गंमत म्हणून मूठ पिळली तर ती क्षणात उडी घेते. म्हणून पाणी प्यायला उतरले तरी मामा हातब्रेक ओढून किल्ली खिशात टाकत. बॅटरी भरायची तीही मोकळ्या हवेत आणि तिच्याच चार्जरने, कारण शिशाच्या बॅटरीतून भरताना जो वायू निघतो त्याला एक ठिणगी पुरते.

“हातरिक्षेला ब्रेक कुठला होता?” मी विचारले.

“आमच्या टाचा!” मामा हसले. “उतार पायाला आधी कळायचा. आता पाय पेडलवर असतो, म्हणून डोळ्यानं बघावा लागतो.”

पुढे एक घोडा चालला होता. मामांनी हॉर्न वाजवला नाही. मागून दचकलेला घोडा वरच्या स्वाराला कुठे नेईल याचा नेम नसतो. त्यांनी लांबूनच हाक दिली, “ओ घोडेवाले, येतोय हं!” घोडा बाजूला झाला, तेव्हा आम्ही अंतर राखून पुढे गेलो.

आणि एका वळणापलीकडे शाळेतून सुटलेली मुले भेटली. ती कडेने चालली होती. त्यांतला एक मुलगा, पडलेली टोपी उचलायला म्हणून, मागे न बघता एकदम उलटा फिरला. गाडी त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली. ती थांबू शकली, कारण ती आधीपासूनच सावकाश होती. मुलगा टोपी झटकून पळालासुद्धा. मामा मात्र हातब्रेक लावून थोडा वेळ तसेच बसून राहिले. मग म्हणाले, “हातरिक्षा असती तर पोराला आमची धाप ऐकू आली असती.”

या वाक्यावर मला काही बोलता आले नाही. वीस वर्षे या माणसाच्या छातीचा भाता हाच वाहनाचा हॉर्न होता, आणि आत बसलेल्यांना तो कधी ऐकूच आला नाही. ती धाप थांबली हे फार चांगले झाले. पण तिच्याबरोबर जी सावधगिरी फुकट मिळत असे तीही गेली. आता ती कुणीतरी हेतुपुरस्सर आणली पाहिजे. चालकाने हाक द्यायची, आणि आपण प्रवाशांनी निदान पाचवे माणूस कोंबण्याचा हट्ट सोडायचा. विजेने माणसाच्या पाठीवरचे ओझे उतरवले आहे. त्याच्या मनावरची जबाबदारी उतरवण्याचे यंत्र अजून निघालेले नाही, आणि निघू नये असेच मला वाटते.