कलकत्त्याचे रुपये, एडिंबरोचें मैदान

एडिंबरो पाहावयास जाणारा प्रवासी किल्ला पाहतो, राजवाडा पाहतो आणि पायांत बळ उरल्यास 'आर्थरचें आसन' नांवाची टेकडी चढतो. मींही हें सर्व यथासांग केलें. परंतु त्या शहराचें मन मला दिसलें तें शनिवार, २४ फेब्रुवारी २०२४ रोजीं, मरेफील्डच्या मैदानावर. त्या दिवशीं तेथें स्कॉटलंड व इंग्लंड यांचा रग्बीचा सामना होता. माझा पुतण्या तेथें शिकावयास आहे. त्यानें मोठ्या खटपटीनें दोन तिकिटें मिळविलीं होतीं. "काका, किल्ला कांहीं पळून जात नाहीं, पण हा सामना चुकवूं नका," असा त्याचा आग्रह पडला.

हेमार्केट स्टेशनापासून मैदान मैलभर असेल. ती वाट त्या दिवशीं वारीच्या वाटेसारखी फुलली होती. निळे गळपट्टे, चौकड्यांचे किल्ट नेसलेले आजोबा, त्यांचें बोट धरून चाललेलीं नातवंडें! इंग्लंडचे पांढरे सदरे घातलेली मंडळीही त्याच गर्दींत थट्टामस्करी करीत चालली होती. दोन्ही पक्षांना दूर ठेवण्यासाठीं पोलिसांची भिंत मला कोठें दिसली नाहीं.

या दोन राष्ट्रांच्या पार्लमेंटा १७०७ सालीं एक झाल्या. २०१४ सालीं स्कॉटलंडानें स्वतंत्र व्हावें कीं नाहीं याचा कौल घेतला, तेव्हां शेंकडा ५५ लोकांनीं 'नको' म्हटलें. पण रग्बींत 'नको' म्हणणारा स्कॉट मला अद्याप भेटावयाचा आहे. पहिलें आव्हानही त्यांचेंच. डिसेंबर १८७० मध्यें स्कॉटिश क्लबांच्या कप्तानांनीं वर्तमानपत्रांतून इंग्लंडास ललकारलें, आणि २७ मार्च १८७१ रोजीं याच शहरांत, रेबर्न प्लेस येथें, प्रत्येक बाजूस वीस वीस गडी घेऊन जगांतील पहिला आंतरराष्ट्रीय रग्बी सामना झाला. स्कॉटलंड जिंकलें. त्या दिवशींच्या एका निर्णयावरून बराच गलका माजला होता. पंच होते शाळेचे हेडमास्तर आल्मंड. त्यांनीं मागाहून सांगितलें कीं, शंका असेल तेव्हां अधिक ओरडणाऱ्या पक्षाविरुद्ध निकाल द्यावा. बहुधा चूक त्याचीच असते. हेडमास्तरावांचून हें कोणास सुचणार!

पण ज्यासाठीं हीं राष्ट्रें प्रतिवर्षीं झुंजतात तो चांदीचा प्याला मुळांत आपल्या देशांतला आहे, हें मला पुतण्यानें वाटेंत सांगितलें तेव्हां मी थांबलोंच. १८७२ च्या नाताळच्या दिवशीं कलकत्त्यांतील इंग्रजांनीं एका बाजूस व स्कॉट, आयरिश आणि वेल्श मंडळींनीं दुसऱ्या बाजूस होऊन सामना केला आणि त्यांतून पुढच्या जानेवारींत कलकत्ता फुटबॉल क्लब निघाला. क्लब फार दिवस टिकला नाहीं. लष्करांतील गडी बदलून गेले, पोलो व टेनिस यांकडे ओढा वाढला. शिवाय क्लबांतील फुकट मद्य बंद होतांच सभासदांची निष्ठाही आटली, असें सांगतात. १८७८ सालीं क्लब मोडला. पेढींतील शिल्लक रुपये काढून ते वितळविले आणि देशी कारागिरांकडून प्याला घडवून विलायतेस धाडला. तीन नाग हे त्याचे कान आणि झांकणावर हत्ती. रुपये २७० होते असें म्हणतात. मूळ प्याला आतां फार नाजूक झाला आहे. त्याचें एक कारण, १८८ नव्हे, १९८८ चें आहे: त्या वर्षीं सामन्यानंतर दोन्ही संघांतील एकेक गडी त्यास घेऊन रात्रीं एडिंबरोच्या मद्यगृहांतून हिंडले आणि प्याला चेपून परत आला. स्कॉटलंडानें आपल्या गड्यास सहा महिने बंदी केली. इंग्लंडानें आपल्यास एका सामन्याची.

पुतण्या हंसत होता; मला मात्र १८७८ हा आंकडा बोचूं लागला. दक्षिणेंतील मोठ्या दुष्काळाचा तो शेवट. सातारा, सोलापूर या जिल्ह्यांतील माणसें दुष्काळी कामांवर खडी फोडीत होतीं, आणि रिचर्ड टेंपल यांनीं मजुरी उतरविली ती पुरुषामागें दिवसास एक रत्तल धान्य व एक आणा. २७० रुपयांचे आणे ४३२० होतात. क्लबाचे पैसे सभासदांच्या वर्गणीचे होते आणि ते त्यांनीं कोणाच्या तोंडचे काढले नव्हते, हेंही खरें. तरी हिशेब केल्यावांचून मला राहवेना. फेब्रुवारी १८७९ मध्यें वासुदेव बळवंत फडके यांनीं धामारीस पहिली लूट केली, आणि १० मार्च १८७९ रोजीं रेबर्न प्लेसवर या प्याल्यासाठीं पहिला सामना झाला. तो बरोबरींत सुटला.

मैदानावर सुमारें सदुसष्ट हजार माणूस होतें. छपरावर एकटा मशकवाद्यवाला उभा राहिला आणि बॅनकबर्नच्या, १३१४ सालच्या विजयाची आठवण देणारें गीत सुरू झालें. दुसऱ्या कडव्यास वाद्यें थांबलीं, लोक मात्र गातच राहिले. माझ्या अंगावर कांटा आला. त्या गीताशीं माझा संबंध काय, हें विचारावयासही सवड नव्हती.

या खेळांतील मौज अशी कीं, गड्यानें धांवावयाचें पुढें आणि चेंडू हातानें द्यावयाचा तो मागेंच. नारळासारख्या त्या लांबट चेंडूभोंवतीं आठ आठ धिप्पाड माणसें डोकीं भिडवून रेटूं लागलीं म्हणजे हुतुतूची आठवण होते; मात्र रेटारेटींतून चेंडू निसटला कीं सारा खेळ वाऱ्यासारखा पळतो. प्रथम इंग्लंडचे दहा गुण झाले, स्कॉटलंडचें शून्य. आमच्या शेजारचे वृद्ध गृहस्थ टोपी गुडघ्यावर ठेवून गप्प बसले होते. मग व्हॅन डर मर्व्ह या गड्यानें, जन्मानें तो दक्षिण आफ्रिकेचा, एकामागून एक तीन वेळां चेंडू रेषेपलीकडे नेऊन टेंकला. ३० विरुद्ध २१! लागोपाठ चौथ्या वर्षीं प्याला स्कॉटलंडाकडेच राहिला.

वृद्ध गृहस्थांनीं आम्हांस विचारलें, "आपण कोठले?" "हिंदुस्थानांतले, पुण्याचे," मी म्हणालों. "मग चांदी तुमचीच कीं!" असें म्हणून त्यांनीं माझा हात घट्ट दाबला. त्यांना दुष्काळाचें सांगावें असें ओठांवर आलें होतें. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतें, आणि तें जिंकल्याचें होतें. मीं त्यांचें अभिनंदन केलें.

परततांना थंडी फार वाजत होती. पुतण्यानें कागदांत गुंडाळलेले गरम बटाट्याचे काप घेतले आणि तोच पुन्हां विषय काढून म्हणाला, "काका, तो टेंपल इंग्लिश कीं स्कॉटिश?" "इंग्लिश," मी म्हणालों. "मग आज बरें झालें," तो म्हणाला, आणि आम्ही काप खात हेमार्केटची वाट धरली.