वजनकाट्यावर टाकलेला विश्वास

माझे हातपाय काटकुळे, पोट तेवढं पुढे. डोंबिवलीहून काटई नाका, शीळफाटा करत महापेला नोकरीला जाणाऱ्या निम्म्या लोकांचा बांधा हाच, त्यामुळे काही बिघडलंय असं वाटलंच नाही. उलट वजन वाढत नाही हे चारचौघांत मिरवायचो.

संध्याकाळी शीळफाट्याला कंटेनरमागे गाडी अडकली की वडापाव, वर गोड चहा. घरी पोचून पुन्हा पोटभर जेवण. जेवलो की डोळे मिटायचे, सकाळी उठलो तरी अंग जड. खापर सगळं ट्रॅफिकवर. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त यायचं. "अहो, एकदा दाखवून तरी या," बायको म्हणायची. मी टूथपेस्ट बदलली. सूज उतरवतात म्हणून हळदीच्या गोळ्याही आणल्या, आणि त्या वडापावानंतर घेऊ लागलो!

कंपनीच्या तपासणीत एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज, ६.९ आलं, म्हणजे मधुमेह, तेव्हा आधी संशय घेतला तो लॅबवर. डॉक्टरांनी वजन न बघता टेप काढला. कंबर ९७ सेंटिमीटर. "पट्टा पोटाखाली बांधता, म्हणून पँटचा नंबर वाढला नाही," ते म्हणाले.

वजनावरून अंगातली चरबी कळत नाही, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक कधीपासून सांगताहेत. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२.

पोटातली चरबी नुसती पडून राहत नाही. तिच्या पेशी ठासून भरल्या की तिथे रोगप्रतिकारक पेशी गोळा होतात आणि बारीक सूज धरते. ना ताप, ना ठणका. त्या सुजेतून टीएनएफ-अल्फासारखी द्रव्यं सुटतात आणि इन्शुलिनचं काम अडवतात. होतामिस्लिगिल आणि स्पीगलमन या संशोधकांनी १९९३ साली ते उंदरांत दाखवलं होतं. परिणाम असा की रक्तात साखर साचते आणि स्नायूंना ती नीट वापरता येत नाही. सुजलेल्या हिरड्याही यात तेल ओततात. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, हिरड्या बिघडल्या की साखर आवरत नाही.

एवढं कळूनही पुढची चूक केलीच. घाबरून जेवण तोडलं. वजन उतरलं, पण मांड्या वाळल्या. पोट होतं तिथेच. जेवणानंतरच्या साखरेचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक स्नायू, आणि मी तेच घालवत होतो. आता डाळ-उसळ वाढवली आहे, बैठका मारतो, हिरड्यांवर इलाज केलाय. साखर उतरतेय, कंबर मात्र हट्टी आहे.

तुम्हीही काट्यावर चढण्याआधी टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, पोट आत न ओढता मोजा. पुरुषांची कंबर ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या वर असेल, तर बारीक दिसत असलात तरी साखर तपासून घ्या.